उतारा कोणत्या नोंदीचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘झिप करून पाठव’ हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही सर्रास कानावर पडते. पूर्वी ‘पाकिटात घालून पाठव’ म्हणत, तितक्याच सहजपणे. लग्नाचे फोटो, ग्रामपंचायतीचे कागद, मुलाचा कॉलेजातला प्रकल्प, सगळ्याची झिप होते आणि ती मोबाइलवरून निघते. झिप म्हणजे अनेक फाइलींची मोट बांधून, ती दाबून लहान केलेली एकच फाइल, एवढे बहुतेकांना ठाऊक आहे. आज मला बोलायचे आहे ते तिच्या एका खास प्रकाराबद्दल. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपल्या कामाचा सारा इतिहास एका दप्तरात सांभाळून ठेवतात आणि बाहेर कोणाला द्यायचे झाले, की त्या दप्तरातून एक गाठोडे काढून देतात. हे गाठोडे आपण हाताने केलेल्या झिपेसारखेच दिसते, पण त्याची जात निराळी असते.

विषय रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. पण ज्याला सातबारा कळतो त्याला तो मुळीच अवघड जाणार नाही, आणि आमच्या ब्राह्मणपुरीत सातबारा न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

सातबाऱ्यावर काय असते? जमिनीची आजची स्थिती. कोणाच्या नावे किती क्षेत्र, कोणता बोजा, कोणते पीक. ही स्थिती कशी आली, ते मात्र वेगळ्या ठिकाणी असते, गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. आजोबा वारले, वारसांची नावे लागली; काकांनी वाटणी करून घेतली; सोसायटीचे कर्ज चढले आणि फिटल्यावर उतरले. प्रत्येक बदलाची एक नोंद, तिला क्रमांक, तारीख आणि कारण. सातबाऱ्यावर नावाजवळ हा फेरफार क्रमांक दिलेला असतो, म्हणून ज्याला खोलात जायचे आहे तो त्या क्रमांकाचा धागा धरून मागे जाऊ शकतो. तलाठ्याकडून (पदाचे नाव आता बदलले आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे) आपण उतारा आणतो तेव्हा सगळे दप्तर उचलून आणत नाही. एका दिवशी, एका नोंदीपर्यंत जी स्थिती झाली, तेवढी आणतो.

प्रोग्रॅमचे अगदी असेच असते. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांच्या शेकडो, कधी हजारो फाइली. त्या रोज बदलतात आणि बदलणारी माणसेही अनेक असतात. कोणी, कधी, काय आणि का बदलले, याची नोंदवही ठेवली नाही तर चार दिवसांत गोंधळ माजतो. या नोंदवहीच्या शास्त्राला ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात आणि दप्तराला ‘रिपॉझिटरी’. आज सर्वाधिक वापरले जाणारे असे साधन म्हणजे ‘गिट’. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्डस यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. तोवर लिनक्सची मंडळी ‘बिटकीपर’ नावाचे एका खासगी कंपनीचे साधन वापरत. त्याची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली, आणि या गृहस्थांनी काही दिवसांत स्वतःचेच साधन उभे केले.

तलाठ्याचे दप्तर आणि गिटचे दप्तर यांत दोन फरक आहेत, आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला असा की गिटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण दप्तराची प्रत असते. एका ठिकाणी आग लागली तरी दुसरीकडे सगळे शाबूत. दुसरा फरक नोंदीच्या क्रमांकाचा. तलाठ्याकडे १०१ नंतर १०२ येतो. गिटमध्ये क्रमांक ओळीने दिला जात नाही, तो गणिताने काढला जातो. सगळ्या फाइलींमधला मजकूर, बदल करणाऱ्याचे नाव, वेळ, कारण आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक हे सारे एका सूत्रात घातले की चाळीस अंकाक्षरांचा एक क्रमांक बाहेर पडतो. मजकुरात एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी क्रमांक पार बदलतो. आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक पुढच्या हिशोबात धरलेला असल्यामुळे मागची एखादी नोंद कोणी गुपचूप खोडली, तर तिच्यापुढचे सगळे क्रमांक बदलतात. महसूल खात्याला हेवा वाटावा अशी ही सोय आहे!

आपल्या तालुक्याच्या भाषेत सांगायचे, तर २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्याच टेंभलीत दिले गेले. आधार क्रमांक माणसाला दिला जातो. त्याच्या तोंडाकडे बघून तो काढता येत नाही. गिटचा क्रमांक वस्तूकडे बघूनच निघतो. तीच वस्तू जगात कुठेही न्या, कोणीही हिशोब करा, तोच क्रमांक येणार.

आता प्रश्न असा, की दप्तर इतके भक्कम आहे तर ते सरळ देऊन का टाकू नये? त्यातून गाठोडे काढायचा खटाटोप कशाला? याचे उत्तर मराठी माणसाच्या रोजच्या वापरातल्या एका उदाहरणाने देता येते. ‘लोहित’ नावाचा देवनागरी फॉन्ट अनेकांनी नकळत वापरलेला असतो, कारण लिनक्सवर चालणाऱ्या कितीतरी संगणकांत तो आधीपासूनच असायचा. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला, म्हणून लाल टोपीला शोभेल असे नाव. अक्षरे मुळात घडवली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ज्यांच्या श्री-लिपीवर आपल्याकडच्या छापखान्यांनी वर्षानुवर्षे लग्नपत्रिका काढल्या, त्यांनीच. पुढे रेड हॅटच्या पुण्याच्या अभियंत्यांनी त्याची देखभाल केली. आधी मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते, ते पुढे ‘लोहित देवनागरी’ या एकाच फॉन्टमध्ये आणले गेले. जणू गटांचे एकत्रीकरणच.

या फॉन्टच्या दप्तरात प्रत्येक अक्षराच्या वळणाचे कच्चे आराखडे आहेत, जोडाक्षरे कशी जुळायची याचे नियम आहेत, चाचण्या आहेत आणि वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या आहेत. प्राथमिक शाळेतल्या ज्या गुरुजींना फक्त प्रश्नपत्रिका टाइप करायची आहे, त्यांना यातले काय हवे? फक्त तयार फॉन्ट. म्हणून लोहितच्या प्रत्येक आवृत्तीची दोन गाठोडी निघत. एकात फक्त तयार फॉन्ट, दुसऱ्यात तो घडवण्याचे सारे साहित्य. दोन्हींच्या नावात आवृत्तीचा क्रमांक. इतिहास मात्र दोन्हींत नाही, तो दप्तरात. या दप्तराची पूर्वीची जागा, ‘फेडोरा होस्टेड’, २०१७ मध्ये बंद झाली. पण दप्तर जसेच्या तसे ‘पॅगुर’ नावाच्या नव्या जागी नेता आले. नुसती गाठोडी शिल्लक राहिली असती तर फॉन्ट वाचला असता, पण कोणते वळण का बदलले, ते कायमचे गेले असते.

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल की फोल्डरवर उजवी कळ दाबून झिप केली की काम झाले. इथेच खरी गोम आहे. माझा एक माजी विद्यार्थी केळीच्या एका खरेदीदारासाठी हिशोबाचा प्रोग्रॅम चालवत असे. मालाचे वजन, त्यातली दांड्याची घट, भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पावती. प्रोग्रॅम एका संगणकावर कचेरीत आणि दुसऱ्यावर वजनकाट्याजवळ. एके दिवशी काका-पुतण्यांचा एकाच प्रतीचा माल, एकाच भावाने, पण दोन वेगवेगळ्या टेबलांवर तोलला गेला आणि दोन पावत्यांत घट वेगवेगळ्या दराने कापलेली निघाली. भांडण व्हायचे ते झालेच. मुलगा माझ्याकडे आला.

“सर, दोन्हीकडे मीच पाठवलेली झिप आहे. नावसुद्धा एकच आहे.”

“नाव राहू दे रे. कोणत्या नोंदीची आहे ते सांग.”

“नोंद कशी सांगू सर? गिट वापरतो मी, पण झिप फोल्डरची केली ना.”

त्याचे दप्तर व्यवस्थित होते. पण झिप त्याने दप्तरातून काढलेली नव्हती, समोर उघड्या असलेल्या फोल्डरची केली होती. पहिली झिप केली तेव्हा घटीचा नवा नियम अर्धा लिहून झालेला होता आणि नोंदवलेला नव्हता. म्हणजे वजनकाट्यावर जो प्रोग्रॅम चालत होता, तो दप्तरातल्या कोणत्याच नोंदीशी जुळत नव्हता. असा सातबारा, ज्याला फेरफारच नाही! दोन दिवस ओळीला ओळ लावून त्याने फरक शोधला. कमी पैसे मिळालेल्यांना खरेदीदाराने फरक दिला, हे त्याचे भलेपण. शिवाय त्या झिपेत नको त्या गोष्टीही गेलेल्या होत्या. जुने खरडे, चाचणीसाठी घेतलेली शेतकऱ्यांची खरी यादी, आणि गिटचे सगळे लपलेले दप्तर. त्या दप्तरात कधी काळी लिहून मग खोडलेला बँक खात्याचा पासवर्डही होता. गिटमध्ये खोडलेलेही शिल्लक असते, हे त्याचे वैशिष्ट्य. ते दुसऱ्याच्या हाती गेले की वैशिष्ट्याचे संकट होते.

यावर उपाय गिटमध्येच आहे. त्याला ‘गिट आर्काइव्ह’ म्हणतात. एका ओळीची आज्ञा आहे. तुम्ही फक्त सांगायचे की अमुक नोंदीपर्यंतची स्थिती दे, झिप करून दे किंवा दुसऱ्या प्रकाराने दे. मग तो समोरच्या फोल्डरकडे बघतसुद्धा नाही. थेट दप्तर उघडतो, त्या नोंदीच्या वेळी ज्या फाइली होत्या त्या आणि तेवढ्याच उचलतो आणि गाठोडे बांधतो. अर्धवट लिहिलेले, न नोंदवलेले काही आत जात नाही. इतिहासही जात नाही. काही फाइली दप्तरात हव्यात पण बाहेर जायला नकोत, उदाहरणार्थ चाचणीच्या याद्या, तर तसे एका फाइलीत एकदाच लिहून ठेवता येते. मग त्या कधीच गाठोड्यात येत नाहीत. मात्र दुसऱ्या कोणाचे दप्तर आपल्या कामाला जोडून घेतले असेल तर त्यातला मजकूर आपोआप येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग ‘गाठोडे उघडले, पण प्रोग्रॅम चालत नाही’ अशी तक्रार येते.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गाठोड्यावर नोंदीचा क्रमांक गिट स्वतःच लिहून ठेवतो. झिप असेल तर तिच्या टिपणात, दुसऱ्या प्रकारात सुरुवातीच्या मथळ्यात. वरवर दिसत नाही, पण वाचता येतो. आणि हवे असेल तर प्रोग्रॅमच्या आतल्या फाइलीतही, जिथे जागा सोडली आहे तिथे, काढतेवेळी क्रमांक भरला जातो. त्या मुलाने हेच केले. आता त्याच्या प्रत्येक पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत सात अंकाक्षरे छापून येतात. शेतकऱ्याला ती कळत नाहीत, पण दोन पावत्यांवरची अक्षरे सारखी आहेत की नाहीत एवढे कोणालाही दिसते.

गाठोडे बांधणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हेही सांगायला हवे. खानदेशातल्या माणसाला जिनिंग-प्रेसिंग सांगायला नको. जिनात सरकी निघते, रुई गोळा होते, आणि मग प्रेसमध्ये ती दाबून १७० किलोची गाठ होते. संगणकात फाइली एकापाठोपाठ एक रचून त्यांची एक फाइल करणाऱ्या साधनाचे नाव ‘टार’. टेप आर्काइव्ह या शब्दांवरून ते आले. १९७९च्या सुमारास संगणकातला मजकूर चुंबकीय फितींवर उतरवून ठेवत, तेव्हापासूनचे हे साधन आहे. टार दाबत नाही, नुसते रचते. दाबण्याचे काम ‘जीझिप’चे, ते १९९२ मध्ये आले. झिपेत मात्र रचणे आणि दाबणे एकत्रच होते.

दाबतात म्हणजे काय करतात? कापसात हवा असते, तशी मजकुरात पुनरुक्ती असते. समजा हजार खातेदारांची यादी आहे आणि प्रत्येक ओळीत ‘ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार’ आहे. हे हजारदा लिहायची गरज काय? एकदा लिहायचे आणि पुढे प्रत्येक वेळी फक्त सांगायचे, ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी उचल.’ अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघा इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ही युक्ती मांडली. तिला डेव्हिड हफमन यांच्या १९५२च्या दुसऱ्या युक्तीची जोड दिलेली असते. जे चिन्ह वारंवार येते त्याला आखूड खूण, जे क्वचित येते त्याला लांब. जीझिप आणि झिप दोन्ही याच जोडीवर चालतात. गाठ सोडली की रुई जशीच्या तशी. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

मराठीला या युक्तीचा फायदा जरा जास्तच होतो. रोमन लिपीत ब्राह्मणपुरी लिहिले तर अकरा अक्षरे, म्हणजे अकरा बाइट. देवनागरीत तेच नाव बारा चिन्हांचे होते (काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे) आणि प्रचलित युनिकोड पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एकूण छत्तीस! मराठी मजकूर जागा खातो, अशी ओरड त्यामुळेच होते. पण त्या तीन बाइटांपैकी पहिला सगळ्या देवनागरी चिन्हांचा एकच असतो, आणि दुसरा दोनपैकी एक. म्हणजे पुनरुक्तीच पुनरुक्ती. दाबणाऱ्या यंत्राला हे आयतेच मिळते, आणि मराठीवर लादलेले ओझे बरेचसे उतरते. फोटोंच्या बाबतीत मात्र आशा ठेवू नये. मोबाइलमधले फोटो आधीच दाबलेले असतात. दाबलेल्या गाठीला पुन्हा प्रेसमध्ये घालून काय मिळणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाठोडे बनवणारा एक आणि वापरणारा दुसरा, मध्ये हजारो किलोमीटर. वापरणाऱ्याने कसे ओळखावे की हे तेच गाठोडे आहे? यासाठी गाठोड्याचाही एक पडताळा-क्रमांक काढतात, ‘चेकसम’. नोंदीच्या क्रमांकासारखाच, मजकुरावरून गणिताने काढलेला. आणि म्हणूनच तीच नोंद सांगून दोघांनी दोन ठिकाणी गाठोडे काढले तर ते तंतोतंत सारखे यावे, अशी गिटची धडपड असते. फाइलींवर तो काढल्याची वेळ टाकत नाही, नोंदीची वेळ टाकतो. दाबतानाही गाठ कधी बांधली ते लिहीत नाही. अगदी काटेकोर कारभार.

तरीही ३० जानेवारी २०२३ रोजी जगभर गंमत झाली. गंमत म्हणायची आता. त्या दिवशी अनेकांना घाम फुटला होता. गिटहब या संकेतस्थळावर जगातल्या लक्षावधी प्रकल्पांची दप्तरे आहेत, आणि कोणीही तिथून कोणत्याही नोंदीचे गाठोडे मागू शकतो. ते मागणीनुसार बांधून मिळते. असंख्य प्रोग्रॅम असे आहेत की जे घडताना ही गाठोडी आपणहून आणतात आणि चेकसम जुळला तरच उघडतात. गिटच्या २.३८ या आवृत्तीपासून एक छोटा बदल झाला होता. दाबण्यासाठी पूर्वी बाहेरचे जीझिप बोलावत, ते आता गिट स्वतःच करू लागले. गिटहबने ती सुधारणा त्या दिवशी लागू केली. आतल्या फाइलींत काहीही फरक नव्हता, पण दुसऱ्या प्रेसमध्ये दाबल्यामुळे गाठीचा आकार किंचित बदलला, आणि चेकसम जुळेनासे झाले. ठिकठिकाणी कामे थांबली. संगणकांना वाटले की कोणीतरी मालात भेसळ केली. गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला.

दोष कोणाचा? गाठ बाइट-न्-बाइट तशीच राहील, असे वचन गिटहबने दिलेले नव्हते. चेकसम रुईचा काढायला हवा होता, लोकांनी तो गाठीचा काढला. पण वर्षानुवर्षे जे बदलत नाही ते बदलणार नाही असे माणूस धरून चालतोच, आणि त्यासाठी मी तरी त्यांना फार बोल लावणार नाही.

या प्रसंगात माल शुद्ध होता आणि शंका खोटी होती. पुढच्याच वर्षी नेमके उलटे घडले, आणि ते खरोखर भयंकर होते. ‘एक्सझेड’ नावाचे दाबण्याचेच एक साधन आहे, जीझिपपेक्षा घट्ट दाबणारे. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ते असते. हे साधन लास कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे एकट्याच्या बळावर सांभाळत होते. ‘जिया टॅन’ असे नाव लावणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे त्यांना निमूटपणे मदत केली, विश्वास कमावला, आणि आवृत्त्यांची गाठोडी काढण्याचा अधिकार मिळवला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांची गाठोडी प्रसिद्ध केली. त्यांत एक चोरदरवाजा होता. दूरवरच्या संगणकात शिरण्याची किल्ली हाती असलेल्या माणसाला लक्षावधी यंत्रे उघडून देऊ शकेल असा.

तो लपवला कसा, ते ऐकण्यासारखे आहे. चोरदरवाजाचे सामान चाचणीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत दडवून दप्तरातच ठेवले होते. तिथे ते नुसते निपचित पडून होते. त्याला जागे करणारी ओळ मात्र दप्तरात नव्हती. ती फक्त हाताने तयार करून चढवलेल्या गाठोड्यात होती. दप्तर वाचणाऱ्यांना काही दिसत नव्हते, आणि गाठोडे वापरणारे दप्तराशी ताडून पाहत नव्हते. त्यांना तरी कसे दोष द्यावा? अशा प्रकल्पांच्या गाठोड्यात दप्तरात नसलेल्या, यंत्राने तयार केलेल्या काही फाइली घालण्याची जुनी आणि प्रामाणिक वहिवाट आहे. त्या वहिवाटीच्या आडून चोर आत आला. गिटहबने दप्तरातून आपोआप काढलेल्या गाठोड्यात ती ओळ नव्हतीच.

पकडला गेला तो एका चिकित्सक माणसामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंता स्वतःच्या दुसऱ्याच कामाचा वेग मोजत होते. संगणकात शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. माग काढत ते गाठोड्यापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे जाहीर केले. तोवर त्या आवृत्त्या लिनक्सच्या चाचणीच्या वितरणांत पोहोचल्या होत्या, रोजच्या वापरातल्या स्थिर वितरणांत नाही. काही आठवडे उशीर झाला असता तर बँका, रेल्वे, रुग्णालये यांच्या यंत्रांपर्यंत तो दरवाजा गेला असता. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी हाताने बनवलेल्या गाठोड्याऐवजी थेट दप्तरातून, ठरलेल्या नोंदीवरून माल घेण्याकडे कल वाढला आहे. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवे होते. विक्रेत्याने छापून आणलेल्या सातबाऱ्यावर आपण जमीन घेत नाही, स्वतः उतारा काढून बघतो. मग इथे का नाही?

गाठोड्यांचा दुसरा उपयोग जतनाचा. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत, कायम गोठलेल्या जमिनीखाली, गिटहबने जुलै २०२० मध्ये जगातल्या खुल्या प्रोग्रॅमांचा एक साठा नेऊन ठेवला. २ फेब्रुवारी २०२० या दिवशीची स्थिती, एकूण २१ टेराबाइट, फिल्मच्या १८६ रिळांवर, हजार वर्षे टिकावी अशा हिशोबाने. प्रत्येक दप्तराचे एक टार गाठोडे केलेले आहे. म्हणजे तिथे आहेत ते उतारे. फेरफार तिथे नाहीत. हजार वर्षांनी कोणी ते उघडले तर त्याला प्रोग्रॅम मिळेल, पण त्यातली एखादी विचित्र ओळ कोणी आणि का लिहिली, ते कळायचे नाही. इतकी जागा कुठून आणणार, हे खरेच. पण मला चुटपुट लागते.

आपल्याकडे, सातपुड्यात वर धडगाव-मोलगीकडे रेंज येते-जाते, तिथे काम करणाऱ्या मुलांना एक गोष्ट सांगून ठेवतो. नेट नसले तरी दप्तर अडत नाही. ‘गिट बंडल’ नावाची सोय आहे. आर्काइव्ह उतारा देते, तर बंडल सगळ्या फेरफारांसकट पूर्ण दप्तर एका फाइलीत बांधून देते. ती पेनड्राइव्हवर घालून एसटीने वर न्यायची. तिथे उघडण्याआधी ती धड आहे की नाही, तेही तपासता येते. पुढच्या खेपेला सगळे पुन्हा न्यावे लागत नाही, मधल्या काळातल्या नव्या नोंदी तेवढ्या बांधल्या तरी चालते. आणि परतताना त्याच पेनड्राइव्हवर वरच्या मुलांनी केलेल्या नोंदी खाली शहाद्याला आणता येतात.